शांतता समिती चालवायची कशी? सदाशिव पेठेतील एका शिबिराचे परीक्षण

आपल्या परिसरातील भांडणतंटे परिसरातच मिटावेत, रात्रीची राखण आपली आपण करावी आणि पोलिसांना बोलावण्याची वेळ शक्यतो येऊ नये, असा विचार करणाऱ्या ग्रामसभा, वस्ती समित्या, गणेश मंडळे आणि गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी पुण्यातील एक छोटी स्वयंसेवी संस्था शनिवार-रविवारचे प्रशिक्षण शिबिर घेते. शुल्क १,८०० रुपये असून त्यात दोन्ही दिवसांचा चहा, दुपारचे जेवण आणि एक छापील हस्तपुस्तिका मिळते. गावाकडून येणाऱ्यांना निम्मे शुल्क पडते आणि सदाशिव पेठेतील ज्या जुन्या मंगल कार्यालयात शिबिर भरते, त्याच्याच माडीवर त्यांच्या मुक्कामाची सोय होते. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही. पुढे काही दोष स्पष्टपणे लिहायचे आहेत, आणि दोन-चार माणसांच्या जिवावर चालणाऱ्या संस्थेला नावानिशी टोचणे मला बरे वाटत नाही.

सिंहगड रस्त्यावरील आमच्या सोसायट्यांनी एकत्र येऊन रात्रीची गस्त सुरू केली आहे. त्या गस्तीतील दोघांनी एका पार्सल पोहोचवणाऱ्या मुलाला फाटकापाशी अडवून ठेवले, त्याची पिशवी उलटी केली, त्याचा मोबाइल तपासला, आणि त्यावरून पुढच्या बैठकीत रहिवाशांचे सरळ दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की, संशय आला तर विचारायचे नाही का; दुसऱ्याचे म्हणणे असे की, विचारणे आणि झडती घेणे यांत काही फरक आहे की नाही. ही रेषा नेमकी कुठे आहे हे कोणीतरी शिकून यावे, एवढ्याच कारणासाठी मी या शिबिरात गेलो, आणि तेवढ्यापुरते बोलायचे तर पैसे वसूल झाले.

जमलेली मंडळी पाहूनच शिबिराचे अर्धे मोल कळते. कसब्यातील मंडळाचे तरुण कार्यकर्ते होते, जनता वसाहतीतील बचत गटाच्या महिला होत्या, हडपसरकडील दोन सोसायट्यांचे सचिव होते, आणि आंबेगाव व जुन्नर तालुक्यांच्या आदिवासी पट्ट्यातून आलेले ग्रामसभेचे कार्यकर्ते होते. शहरातील माणसे ‘सुरक्षा’ म्हटले की चोर, कॅमेरा आणि वॉचमन एवढ्याच गोष्टी बोलत होती. गावाकडची माणसे बांध, पाणी, दारू आणि सुनेचा छळ यांविषयी बोलत होती. एकाच हॉलमध्ये ही दोन्ही बोलणी समोरासमोर येतात, ही या शिबिराची मोठीच जमेची बाजू आहे आणि तिचे श्रेय निम्म्या शुल्काच्या सवलतीला द्यायला हवे.

पहिले सत्र प्रतिसरकारावर होते. विषयाची निवड अगदी योग्य आहे, कारण स्वराज्याच्या चळवळीने स्वतःचे पोलीस आणि स्वतःचे न्यायालय उभारल्याचे महाराष्ट्रातील याहून ठळक उदाहरण नाही. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांच्या मुलखात, १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील, किसन वीर, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आदींनी इंग्रजी अंमल खेडोपाडी निष्प्रभ केला, गावोगावी न्यायदान मंडळे चालवली, सावकारांच्या घशातील जमिनी सोडवल्या, दारूबंदी केली, कमी खर्चाचे गांधी विवाह लावले, आणि या सगळ्याच्या पाठीशी कुंडलला तयार झालेली तुफान सेना उभी केली. व्याख्याते वयोवृद्ध आणि तयारीचे होते, आवाज खणखणीत होता, आणि १४ एप्रिल १९४४ रोजी आजच्या धुळे जिल्ह्यातील चिमठाण्याजवळ सरकारी खजिना कसा लुटला याचे वर्णन त्यांनी इतके रंगवून केले की, मंडळाची मुले खुर्चीच्या टोकाला येऊन बसली.

माझी तक्रार नेमकी इथेच आहे. शिबिर खजिना लुटायचे नव्हते, शांतता राखायचे होते. बेचाळीसच्या उठावानंतर सरकारी अंमल ढिला पडला तेव्हा त्या भागात दरोडेखोर माजले आणि काहींनी तर चळवळीच्याच नावावर लूटमार केली, म्हणून भूमिगतांना आधी या गुंडांचा बंदोबस्त करावा लागला. लोकांचा विश्वास बसला तो त्यामुळे. स्वशासनाला पोलिसांची गरज सर्वांत आधी कुठे पडते, याचे उत्तर या एका घटनाक्रमात आहे. जुनी सत्ता मागे हटली की तिच्या जागी लोक आपोआप येत नाहीत, आधी गुंड येतो. व्याख्यात्यांनी हा भाग दोन वाक्यांत उरकला. तळपायावर फटके देण्याच्या शिक्षेचा किस्सा मात्र त्यांनी हशा आणि टाळ्यांसाठी सांगितला. तेव्हा जनता वसाहतीतील एका ताईंनी हात वर करून विचारले, “काका, ज्याला मारलं त्याला आधी बोलू द्यायचे का? आणि चुकीच्या माणसाला मार बसला तर तो जायचा कुणाकडं?” काका म्हणाले, “तेव्हाची माणसं तशी नव्हती, ताई.” पुढचा प्रश्न घेतला गेला.

त्या ताईंच्या प्रश्नावर संपूर्ण शिबिर उभे करता आले असते, असे मला अजूनही वाटते. समितीकडून चूक झाली तर माणसाने जायचे कुठे, हे ठरलेले नसेल तर ती समिती चांगल्या माणसांची असून भागत नाही, कारण चांगली माणसे आज आहेत आणि तीन वर्षांनी त्यांचे मेहुणे तिथे बसतील. प्रतिसरकाराच्या नेत्यांविषयी मला नितांत आदर आहे. परकी सत्तेविरुद्ध भूमिगत राहून चालवलेल्या न्यायमंडळाला अपिलाची उतरंड बांधायला उसंत नव्हती, हेही समजते. परंतु आज, राज्यघटना असताना आणि कोर्ट दोन बसथांब्यांवर असताना, त्या पद्धतीचे फक्त धाडस उचलायचे आणि तिची अडचण झाकायची, हे प्रशिक्षण म्हणून कच्चे आहे.

याच सत्राला जोडून परदेशांतील उदाहरणांचा एक छोटा भाग होता, आणि तो एका तरुण प्राध्यापिकेने फारसा गाजावाजा न करता उत्तम घेतला. आयर्लंडमध्ये १९२० साली स्वातंत्र्यवाद्यांनी ब्रिटिश न्यायालयांना समांतर अशी न्यायालये उभी केली, त्यांत पॅरिश (म्हणजे एका चर्चचा परिसर), जिल्हा आणि सर्वोच्च अशा पायऱ्या होत्या, त्यांचे हुकूम अमलात आणायला स्वयंसेवकांचे पोलीस दल होते, आणि स्वतःचे सरकार आल्यावर १९२२ मध्ये ती गुंडाळली गेली तेव्हा त्यांच्याकडील प्रलंबित प्रकरणे निकाली काढण्यासाठी १९२३ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. उत्तर सीरियातील कुर्दांच्या स्वशासनात वस्तीच्या पातळीवर शांतता समित्या उभ्या राहिल्या आणि स्त्रियांची प्रकरणे ऐकण्यासाठी स्त्रियांनीच चालवलेली वेगळी घरे निघाली, हेही तिने सांगितले. प्रतिसरकाराच्या सत्रात जे राहून गेले ते या वीस मिनिटांत आले, परंतु तोवर जेवणाची वेळ झाली होती आणि अर्धा हॉल जिन्याकडे पाहत होता.

जेवण साधे आणि चांगले होते. पोळ्या, मटकीची उसळ, मसालेभात आणि हवे तितके ताक. वाहने लावायला जागा नाही, तेव्हा पीएमपीच्या बसने यावे, हे वेगळे सांगायला नको.

दुपारी निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांनी भिवंडीवर घेतलेले सत्र मात्र मी कोणालाही डोळे झाकून सुचवीन. १९७० आणि १९८४ अशा दोन मोठ्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त असताना त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, आणि बाबरी मशीद पडल्यानंतर १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली, एवढे आपल्याला ऐकून माहीत असते. हे घडले कसे याचा तपशील सहसा कोणी सांगत नाही. या वक्त्यांनी तो सांगितला: समितीत हिंदू आणि मुसलमान दोन्ही असावेत, पुढाऱ्यांपेक्षा रोज रस्त्यावर दिसणारी साधी माणसे असावीत, हद्दीतील हवालदाराचा तिच्याशी नित्याचा संबंध असावा, आणि मुख्य म्हणजे बैठक दंगलीच्या भीतीने बोलावलेली नसावी. नळाचे पाणी, गटार, पोरांची मारामारी, भाड्याची बाकी असल्या किरकोळ गोष्टींसाठी लोक एकमेकांच्या शेजारी बसलेले असले, तर अफवा पसरते त्या रात्री एकमेकांचा दरवाजा ठोठावायला त्यांना संकोच वाटत नाही. दंगलीनंतर मुंबईत ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली, तिचाही त्यांनी उल्लेख केला.

याच्या उलट आपल्याकडील पोलीस ठाण्यांच्या शांतता समित्या. गणपतीच्या तोंडावर किंवा एखाद्या सणाच्या आधी एक बैठक, पहिल्या रांगेत तेच ते चेहरे, शाल-श्रीफळ, ग्रुप फोटो, आणि पुन्हा पुढच्या वर्षी भेटू. वक्ते स्वतः खात्यातून निवृत्त झालेले असूनही त्यांनी ही टीका आडपडदा न ठेवता केली. शेवटी ते म्हणाले, “ज्या समितीच्या सदस्याला फक्त साहेबच ओळखतात, ती साहेबांची समिती. वस्तीची नव्हे.” या वाक्याला मंडळाच्या मुलांनीच सर्वांत जास्त टाळ्या वाजवल्या, हे पाहून मला गंमत वाटली.

रविवारची सकाळ कायद्याची होती. हे सत्र घेणाऱ्या वकीलबाई स्पष्ट बोलणाऱ्या आणि थोड्या कडक आहेत. मध्येच फोन वाजला तर थांबतात आणि वाजवणाऱ्याकडे पाहत राहतात. आमच्या गस्तीचे उत्तर मला इथे मिळाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे सामान्य नागरिक एखाद्याला अटक करू शकतो ती फक्त त्याच्या डोळ्यांदेखत दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा घडला असेल तर, किंवा ती व्यक्ती उद्घोषित, म्हणजे न्यायालयाने फरार जाहीर केलेली, गुन्हेगार असेल तर. आणि तसे केल्यावर विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, तिला पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. नुसता संशय, अनोळखी चेहरा, अवेळ किंवा उडवाउडवीची उत्तरे यांपैकी काहीही अटकेला पुरेसे नाही. झडती घेण्याचा, मोबाइल उघडायला लावण्याचा, ओळखपत्र काढून घेण्याचा अधिकार गस्तीला नाही. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, परंतु धोका टळला की तोही संपतो. पकडलेल्या माणसाला मारलेली पहिली थप्पड हाच स्वतंत्र गुन्हा होतो. पोलिसांसारखा गणवेश घालून तसा आव आणणे हाही गुन्हा आहे, हे ऐकल्यावर हडपसरच्या एका सचिवांनी खाकी जॅकेटांची ऑर्डर रद्द करण्यासाठी बाहेर जाऊन फोन केला.

मग गस्तीने करायचे काय, या प्रश्नाला त्यांचे उत्तर असे की, दिसायचे, दिवा लावायचा, नमस्कार करून “कुणाकडे आलात?” असे विचारायचे, गाडीचा क्रमांक आणि वेळ टिपायची, ११२ ला फोन करायचा आणि अंतर राखून थांबायचे. ऐकायला हे मिळमिळीत वाटते. त्यांनी लगेच दोन घटना सांगितल्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघरमधील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांना जमावाने मारले, आणि तिथेही त्या दिवसांत चोर आल्याच्या अफवा होत्या, गावकरी रात्री पहारे देत होते. अशा पहाऱ्याला कोणी नियम घालून दिलेले नव्हते आणि अफवा खरी की खोटी हे तपासण्याचे काम कोणाकडे सोपवलेले नव्हते. वकीलबाई पुढे म्हणाल्या, “तुमच्या गस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘टोळी आली आहे’ असा मेसेज आला, तर तो पुढे पाठवायचा की नाही हे ठरवणारा एक माणूस आज नेमा, नाहीतर गस्त बंद करा.” आमच्या ग्रुपमध्ये असा माणूस नव्हता, आता आहे.

जेवणानंतर प्रात्यक्षिक झाले आणि शिबिराचा सर्वांत मोलाचा भाग तोच. प्रकरण खोटे, परंतु ओळखीचे: मंडळाचा लाउडस्पीकर रात्री दहानंतर चालू होता, वरच्या मजल्यावरील आजोबांनी वायर ओढली, झटापटीत त्यांच्या खिडकीची काच फुटली, आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांवर हात उगारल्याचा आरोप केला. पाच जणांची समिती बसली. आजोबांची भूमिका करणारे सोसायटीचे सचिव इतके तापले की, हे नाटक आहे याचा त्यांना विसर पडला असावा. दहा मिनिटे गेली आणि जुन्नरकडून आलेल्या एक मावशी उठून म्हणाल्या, “थांबा हो. हा पोरगा ज्याला दादा म्हणतोय, तो पंचात बसलाय. हा माझा दीर असता तर मला बसू दिलं असतं का तुम्ही?” खरोखरच मंडळाच्या त्या मुलाचा चुलतभाऊ समितीत बसवला गेला होता, आणि ते बाकी कोणालाही खटकले नव्हते. प्रशिक्षकांनी तिथेच सुनावणी थांबवली, त्याला उठवले, नवा पंच बसवला, आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात करायला लावली.

त्यानंतर वही निघाली. साधी, जाड पुठ्ठ्याची, किराणा दुकानदाराकडे असते तशी लाल कापडी पाठीची. प्रत्येक पानावर आधीच क्रमांकाचा शिक्का मारलेला, म्हणजे पान फाडले तर लपणार नाही. डाव्या पानावर ‘तक्रारदाराचे म्हणणे’, उजव्या पानावर ‘दुसऱ्या बाजूचे म्हणणे’; ‘आरोपी’ हा शब्द वहीत कुठेही लिहायचा नाही, कारण तो ठरवण्याचा अधिकार समितीला नाही. म्हणणे बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहायचे, लिहून झाल्यावर त्याला वाचून दाखवायचे, त्याने सांगितलेली दुरुस्ती खोडून न करता खाली वेगळी लिहायची, मग सही किंवा अंगठा. समझोता झाला तर दोन प्रती, दोघांना एकेक. नाही झाला तर ‘समझोता झाला नाही, दोन्ही बाजू कायदेशीर मार्गाला मोकळ्या आहेत’ एवढेच वाक्य आणि तारीख. दोष कोणाचा होता यावर समितीने अवाक्षरही लिहायचे नाही. मंडळाच्या मुलाने लिहिताना ‘आजोबा विनाकारण भडकले’ असे लिहिले, तेव्हा प्रशिक्षकांनी त्याला ‘विनाकारण’ कोण म्हणाले असे विचारले. तो गप्प बसला आणि मग शब्दावर रेघ मारून बाजूला सही केली. गस्त कशी घालावी हे दोन तासांत शिकता येते. आपले मत बाहेर ठेवून दुसऱ्याचे म्हणणे वहीत उतरवणे किती अवघड आहे, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला त्या एका रेघेवरून कळले असेल.

२०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात दोन्ही बाजूंची आधी संमती, तीन मध्यस्थांचे मंडळ आणि लेखी समझोता अशी रचना सांगितलेली आहे, परंतु त्या समझोत्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ नाही, ही माहितीही याच वेळी मिळाली. काही जणांना हे ऐकून निराशा वाटली. मला ती सोय वाटते. समझोता पाळायला लावण्याचे बळ समितीच्या हाती नसेल, तर तिला दोन्ही बाजूंना खरोखर पटेल असेच काहीतरी शोधावे लागते.

आता दोषांकडे. कोणती प्रकरणे समितीने हातातच घेऊ नयेत, यासाठी पूर्ण अर्धा दिवस हवा होता. मिळाला अर्धा तास. किरकोळ दुखापत, शिवीगाळ, हद्दीचे वाद, पाणी, पार्किंग यांत समझोता योग्य आहे. बलात्कार, बालकावरील लैंगिक अत्याचार, जातीवरून झालेला अत्याचार यांत समझोता नाहीच. बालकाच्या बाबतीत तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने माहिती असलेल्या प्रत्येकावर तक्रार नोंदवण्याची सक्ती केली आहे, आणि ‘आपसांत मिटवून’ गप्प बसणारे पंच स्वतःच गुन्ह्यात अडकतात. हे सांगितले गेले. घरगुती हिंसेचे काय, हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न मात्र ‘संवेदनशीलतेने हाताळा’ या दोन शब्दांपलीकडे गेला नाही. संवेदनशीलतेने म्हणजे कसे? नवरा-बायकोला समोरासमोर बसवायचे की नाही? तिने समितीपुढे ‘माझी तक्रार नाही’ म्हटले आणि तिचा सासरा त्याच खोलीत असला, तर ते म्हणणे धरायचे का? बचत गटाच्या महिला नेमके हेच विचारायला आल्या होत्या आणि त्यांना चहाच्या वेळेत जिन्यावर उत्तरे दिली गेली.

तंटामुक्तीचा अनुभव इथे उपयोगी पडला असता. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावोगावी ग्रामसभेतून समित्या उभ्या केल्या, दिवाणी, महसुली, फौजदारी अशा नाना प्रकारचे तंटे तडजोडीने मिटवले, आणि अनेक गावांत पिढ्यान्पिढ्यांची बांधावरची भांडणे खरोखर संपली. परंतु मिटवलेल्या तंट्यांना गुण आणि गुणांवर लोकसंख्येच्या प्रमाणात रोख बक्षीस, अशी रचना असल्यावर जी तक्रार नोंदवायलाच हवी तीही ‘मिटवण्याचा’ मोह गावाला होणारच. आंबेगावकडील एका कार्यकर्त्याने हा मुद्दा स्वतःहून काढला होता; संचालकांनी ‘मोहीम उत्तमच होती’ असे म्हणून तो गुंडाळला.

जातपंचायतीचा विषयही असाच पळवला गेला. सामुदायिक न्याय म्हटले की महाराष्ट्रात सर्वांत जुनी, सर्वांत सुसंघटित आणि सर्वांत धाकाची रचना तीच आहे, आणि तिच्या वाळीत टाकण्याच्या शिक्षेला आवर घालण्यासाठीच राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा करावा लागला. तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. सोसायटीने एखाद्या कुटुंबाचे पाणी तोडायचे, मंडळाने वर्गणी न देणाऱ्याला आरतीला येऊ द्यायचे नाही, हे त्याच वळणाचे प्रकार आहेत, परंतु पांढरपेशा माणसाला ‘जातपंचायत’ हा शब्द आपल्यासाठी आहे असे वाटतच नाही. तसे वाटायला लावणे हे अशा शिबिराचे काम होते.

आणखी एक उणीव शहरी लोकांना जाणवेल. आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याखाली राज्याने २०१४ मध्ये केलेल्या नियमांत ग्रामसभेने शांतता समिती नेमण्याची तरतूद आहे, त्यामुळे अनुसूचित क्षेत्रातील गावांच्या समितीला पाया आहे: ती ग्रामसभेने नेमली, ग्रामसभेला उत्तरे देते, आणि बदलायची तर ग्रामसभाच बदलेल. पुण्यातल्या वस्तीची ग्रामसभा कोणती? महानगरपालिका कायद्यात २००९ च्या दुरुस्तीने क्षेत्रसभेची, म्हणजे शहरातील एकेका भागाच्या मतदारांच्या सभेची, तरतूद आली, ती कागदावरच राहिली. मग कोथरूडच्या किंवा कसब्याच्या समितीला नेमणार कोण, काढणार कोण? मंडळाचा अध्यक्ष, नगरसेवक, की ज्याच्याकडे वेळ आहे तो निवृत्त गृहस्थ? हा प्रश्न मी विचारला, आणि संचालकांनी प्रामाणिकपणे सांगितले की, याचे पक्के उत्तर त्यांच्याकडे नाही. सध्या ते वर्षातून एकदा वस्तीची खुली बैठक घेऊन हात वर करून समिती निवडायला सांगतात आणि नोंदवही त्या बैठकीत सर्वांसमोर, खासगी प्रकरणे वगळून, वाचून दाखवायला सांगतात. तोडगा अपुरा आहे, परंतु काहीच नसण्यापेक्षा बरा आहे, आणि निदान त्यांनी आम्हाला गोड बोलून परत पाठवले नाही.

हस्तपुस्तिकेची छपाई स्वच्छ, भाषा सोपी आहे. गस्तीचे वेळापत्रक, तक्रार अर्ज, दोन्ही बाजूंना पाठवायची सूचना, समझोत्याचा मसुदा आणि ११२ ला फोन करताना काय सांगावे याचा नमुना, हे सगळे तिच्यात आहे आणि फोटोकॉपी करून लगेच वापरता येते. तिच्यात नाही तो एकच अर्ज: समितीच्या किंवा गस्तीच्या विरुद्ध तक्रार करण्याचा. मी तो मागितला तेव्हा ‘कल्पना चांगली आहे, पुढच्या आवृत्तीत घेऊ’ असे उत्तर मिळाले. आमच्या सोसायट्यांसाठी आम्ही तो स्वतः तयार केला असून तो गस्तीबाहेरच्या तिघांकडे जातो. फाटकावर त्याचा नमुना लावला आहे, आणि पार्सलवाल्या मुलांनाही तो भरता येतो.

नव्याने समिती उभी करणाऱ्यांनी या शिबिराला अवश्य जावे, आणि शक्यतो एकट्याने न जाता दोघांनी जावे, त्यांपैकी एक बाई असावी. ज्यांची समिती काही वर्षे चालू आहे त्यांनी पूर्ण शुल्क भरण्याऐवजी फक्त रविवारी बसू देण्याची विनंती करावी. संस्था ती मान्य करते असे दिसले. प्रतिसरकाराचे सत्र चुकले तरी चालेल, भिवंडीचे चुकवू नये, परंतु ते शनिवारी दुपारी असते. हस्तपुस्तिका शंभर रुपयांना सुटीही मिळते.